पप्पांचा वाघ

सुकी नदीच्या काठी हिवाळ्यापुरते तंबू लागले, तसा गिरधर वाघ बघायचाच म्हणून बायको-लेकीला घेऊन आला. दोन दिवस जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली, दिसले ते मोर नि माकडं.

"भाऊ, वाघ काय पाव्हना शे का, बलावा म्हंजे येई?" स्वयंपाकी झिपरूनाना हसले, तसा तो तोंड पाडून बसला.

सुनंदाला मात्र घोर लेकीचा. चार वर्षांची बेबी कालपासून घासाला ओठ उघडत नव्हती. अंग तापलं नव्हतं, पोटही दुखत नव्हतं. शेवटी मांडीवर घेऊन तिनं विचारलं, "का गं जेवत नाहीस, बाय माझी?"

बेबी हळूच तिच्या कानाशी लागली.



"तूच म्हणतेस ना, जेवलं नाही की वाघ येतो? मग येऊ दे ना, पप्पांना बघायचाय."