आजा पडला ती सकाळ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि बघा: कोवळं ऊन पडलंय, तुम्ही चौथीत आहात, आणि तुमचा आजा शिडीच्या पायथ्याशी आडवा झालाय. चहूकडून माणसं धावत येतायत. तुम्ही काय कराल?

तुळशी आजाच्या उशाशी बसली होती आणि कुणालाच त्याला हात लावू देत नव्हती.

नवसूआजा छपरावरचा भोपळा काढायला चढला होता, असं तिच्या बापाने, लक्ष्याने, चंदू मुकादमाला सांगितलं. चंदू नुकताच पोचला होता. दिवाळी सरली की सूर्यमाळच्या पाड्यांवरून माणसं वीटभट्टीवर न्यायची, हे त्याचं काम. अंगणाबाहेर जीप घुरघुरत होती, आत सात-आठ जण दाटीवाटीने बसलेले. लक्ष्याने पावसाळ्यातच शब्द दिला होता: आम्ही दोघं नवराबायको, आणि विटा पालटायला पोर.

गेल्या वर्षी तुळशी अशीच गेली होती. शिमग्याला परतली तेव्हा वर्ग पुस्तकाच्या शेवटाला पोचला होता आणि ती अर्ध्यावरच होती. यंदा तिला शाळा सोडून जायचं नव्हतं. पण पाड्यावर दिलेला शब्द कोणी मोडत नाही.

"उचला म्हाताऱ्याला," चंदू म्हणाला. "जीपमध्ये घाला. वाटेत मोखाड्याला दवाखान्यात सोडतो."

"नाही काका," तुळशी म्हणाली. "उंचावरून पडलेल्याला असं उचलायचं नसतं. मणक्याला मार असला तर जास्तच बिघडतं."

"तू डॉक्टरीण कधी झालीस गं?"

शाळेत नर्सबाई येऊन शिकवून गेल्या, असं सांगून ती कामाला लागली. आधी मान दुखते का विचारलं, मग पाठ. आजाने दोन्हींना नाही म्हटलं. तिने त्याला पायाची बोटं हलवायला लावली; ती हलली. डाव्या घोट्याला हात लागला मात्र, तो असा कण्हला की जीपमधल्या बाया चुकचुकल्या. तुळशीची आई, जयवंती, तेल घेऊन आली, तिला लेकीने परत पाठवलं. मार लागलेल्या जागी चोळायचं नसतं. घोट्याच्या दोन्ही अंगांना बांबूच्या कांब्या लावून तिने त्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधल्या. गाठीखालून बोट जातं की नाही, तेही पाहिलं.

पाड्यावर आशाचं काम करणाऱ्या पुष्पाताईला निरोप धाडला का, असं चंदूने विचारलं. धाडलाय, लक्ष्या जमिनीकडे बघत म्हणाला.

चंदू मग शिडीकडे गेला. बांबूची साधी शिडी. त्याने ती हलवून बघितली. मान वर करून पाहिलं, खाली वाकून पाहिलं, दुसऱ्या पायरीवर पाय देऊन जोर लावला. बराच वेळ तो तिथेच उभा राहिला. तुळशीने आजाच्या पायाच्या गाठी पुन्हा एकदा चाचपल्या.

परत आला तो जीपमधल्यांनाही ऐकू जाईल असं बोलला. म्हाताऱ्याला जबर लागलंय, महिनाभर तरी पाय टेकता यायचा नाही. मग त्याला पाणी कोण देणार, भाकरी कोण देणार? पोरीला राहू दे घरी.

लक्ष्या आणि जयवंती गाठोडी घेऊन मागे चढली. जयवंतीने तोंडावर पदर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. शेजारच्या बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

निघण्याआधी चंदूने तुळशीला खिडकीपाशी बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"वर दोराने बांधलेली, खाली दोन खुंट्या ठोकलेल्या. असल्या शिडीवरून कोण पडतं गं? आजाला सांग, पुढच्या वर्षी आधी दोर सोड, मग पड."

जीप वळणाआड गेली. तुळशीने भराभर गाठी सोडल्या, आजाला हात देऊन उठवलं, आणि घंटा व्हायच्या आत शाळा गाठायला दोघं पळत सुटली.