नारिंगी पावलं

बाटलीचं टोपण नीट बसलं नव्हतं. डेलियाने ती उलटी करून दाबली आणि सगळा नारिंगी रंग एकदम बाहेर आला. टेबलावर सांडला, तिच्या मांडीवर ओघळला, खाली जाऊन मोजे भिजले.

दर ऑक्टोबरात गावातल्या भोपळ्यांच्या जत्रेला वर्ना आणि तिचा नवरा ऑरिन, कापडाला रबर बांधून घरी रंगवलेले शर्ट घालून जात. यंदा वर्नाने पांढरे शर्ट तीन आणले होते. तिसरा नऊ वर्षांच्या डेलियाचा. सरकारी खात्याने तिला उन्हाळ्यात त्यांच्याकडे सांभाळायला ठेवलं होतं. हे तिचं चौथं घर.

वर्ना मागच्या खोलीत आणखी रबर शोधत होती. मूठभर रबर घेऊन ती बाहेर आली, तेव्हा बैठकीच्या खोलीतल्या फिक्या गालिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नारिंगी पावलं उमटली होती. न्हाणीघराकडे गेलेली आणि तिथून परत आलेली.

"अगं बाई! हे काय!"

आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला.

डेलिया स्वयंपाकघराच्या दारात थिजली. तिच्या हातात टॉवेल होता, मघापर्यंत पांढरा असलेला. "सॉरी, मिस वर्ना. मी पुसते. तुम्ही रागावू नका, मी सगळं पुसते."

"पुसू नकोस, आणखी पसरेल. थांब तिथंच," म्हणत वर्ना थंड पाण्याची बादली भरायला तळघरात गेली.

ती वर आली तेव्हा दारात कुणी नव्हतं. टेबलावर डेलियाचा शर्ट तसाच पडला होता, अर्धा पिवळा, अर्धा कोरा. त्याला इतके रबर आवळले होते की कापड जेमतेम दिसत होतं.

"डेलिया?"

माडीवर डेलियाच्या खोलीत कपाटाचे कप्पे उघडे होते. खुंटीवरची निळी बॅग नव्हती.

वर्ना जिन्यावरून कशी उतरली ते तिचं तिला कळलं नाही. पुढचं दार उघडं होतं. पायऱ्यांवर पुसट नारिंगी ठसे होते. ओल्या गवतापाशी तेही संपले. पलीकडे रस्ता. मक्याची कापणी चालू होती आणि धान्याचे ट्रक सकाळपासून त्या वळणावर वेग कमी न करता घुसत होते. तेवढ्यात एका ट्रकचा भोंगा वाजला. लांबलचक.

"ऑरिन!" ती ओरडली. "ऑरिन!"

ऑरिन हत्यारांच्या खोपटातून बाहेर आला. "काय गं, आग लागली का?"

"पोरगी गेली."

"गेली म्हणजे? कुठं गेली?"

"बॅग घेऊन गेली."

गुडघा दुखतो म्हणून जिना टाळणारा तो माणूस, सरळ रस्त्याकडे धावत सुटला.

वर्ना गाडी काढायला वळली. पुढचं दार उघडून ती आत बसणार, तोच मागच्या सीटवर काहीतरी हललं.

डेलिया तिथं बसली होती. बॅग मांडीवर, सीटचा पट्टा लावलेला. सीटला रंग लागू नये म्हणून तिने अंगाखाली प्लास्टिकची पिशवी पसरली होती, पायांखाली दुसरी.

"मी सगळं घेतलंय," ती म्हणाली. "दात घासायचा ब्रशसुद्धा. तुम्हाला काही द्यायला परत यावं लागणार नाही."

वर्ना मागच्या दारापर्यंत आली आणि डेलियाशेजारी बसली. मग तिने दारातून डोकं बाहेर काढून हाक दिली, "आहे! ऑरिन, इथं आहे!"

ऑरिन फाटकापाशी थांबला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो कितीतरी वेळ नुसता धापा टाकत राहिला. "गाडीत?" शेवटी तो म्हणाला. "आणि मी तिकडं ट्रकसमोर हात करतोय, वेड्यासारखा!"

वर्ना हसली, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले.

"कुठं निघालोय आपण?" तिने डेलियाला विचारलं.

"ते तुम्हाला माहीत असतं. गाडी चालवतात त्यांना."

"मला नाही माहीत. मला एवढंच माहीत आहे, की तुझा शर्ट अर्धा राहिलाय. रंग पुरा करायचा, पिशवीत बांधायचा, रात्रभर मुरू द्यायचा. सकाळी रबर काढून सोडायचा. आधी सोडला तर रंग धरत नाही."

"कोण सोडतं?"

"ज्याचा त्याने सोडायचा. दुसऱ्याच्या शर्टाला मी हात लावत नाही. विचार ऑरिनला."

"म्हणजे उद्या?"

"उद्या."

डेलियाने घराकडे पाहिलं. "आणि गालिचा?"

ऑरिन एव्हाना गाडीपाशी पोचला होता. "त्याचं काय?" तो म्हणाला. "त्याला थोडंच जत्रेला जायचंय!"

डेलिया हसली नाही. मांडीवरच्या बॅगेची चेन तिने थोडी उघडली, परत लावली.

"सकाळी मला जाग आली नाही," तिने वर्नाला हळूच विचारलं, "तर तू उठवशील?"

वर्नाने मान डोलावली.

पट्ट्याचं बटण जुनं होतं, घट्ट बसलेलं. डेलियाने दोन्ही अंगठे त्यावर ठेवले आणि सगळा जोर लावून दाबलं.