डोंगरात पुरलेली सळई

मांजरसुंब्याच्या घाटात निजामाची सडक झाली, तेव्हा तिथला ओव्हरसियर मी होतो. दरड अडवायला भिंत बांधली होती. ती रस्त्यावर कलू नये म्हणून तिच्यातून आरपार लोखंडी सळ्या नेऊन डोंगरात पुरलेल्या दगडांना जखडल्या होत्या, आणि बाहेर हातभर राहिलेल्या टोकांना नट.

भिंत पुरी झाल्यावर चौथ्या दिवशी दुपारी सटवा गवंड्यानं ओळंबा सोडला आणि माझ्याकडं वळला.

‘साहेब, माती भिंतीला भायेर ढकलती. ही तर आत चाललीय.’

‘ओळंबा नीट धर बे!’

सकाळी भिंत एक बोट आत कलली होती. आता दोन.

‘सळ्याच वडायल्यात,’ तो पुटपुटला.

‘पलीकडच्या टोकाला काय हाय?’

‘निस्ता दगड. मीच पुरलाय.’

मी मधला नट सोडायला लावला. शेवटचा आटा सुटताच सळई आत सरकली. थांबली. पुन्हा सरकली, विहिरीतून पोहरा शेंदताना दोर वर यावा तशी, बोटबोट.

मी झेपावून टोक धरलं. सळई थांबली.

मग, पलीकडं कुणी आहे का हे बघायला दोराला देतात तसा, आतून एक हलका हिसका आला.

‘सोडा, साहेब!’ सटवा ओरडला.

पण माझ्या हातांनी, मला न विचारता, उलट हिसका दिला होता.