गरुडसिंगचा हात

"पहाडजंगच्या छातीवर तोफगोळा फुटला तरी तो छाती झटकून पुढं चालतो. तुझा गरुडसिंग त्याच्यापुढं म्हंजी चिमणी," मच्छिंद्र म्हणाला आणि त्यानं बशीतला चहा फुर्रकन ओढला.

"चिमणी उडती तरी," शेखलाल म्हणाला. "तुझा पहाड जागचा हलत न्हाई."

दोघं दौंडच्या इंजिनशेडमध्ये फिटर. रात्रपाळी असली की दुपारचा चहा शेखलालच्या क्वार्टरात आणि चहाबरोबर हा वाद. तंबूच्या सिनेमातले हे दोन वीर. एक उडायचा, दुसऱ्याच्या अंगावर शस्त्र चालायचं नाही. दोघं वेगवेगळ्या पिक्चरमधले, त्यामुळं त्यांची गाठ कधी पडायचीच नाही. वाद मिटावा कसा?

आतल्या खोलीत, पडद्यामागं, चांदबी कणीक मळत होती. आज नवऱ्यानंच जिंकावं म्हणून ती मनातल्या मनात दुआ मागत होती. शेखलाल वादात हरला की दोन दिवस घरात तोंड उघडत नसे, आणि दोन दिवसांनी तर रविवार. रविवारी खुटबावला तिच्या धाकट्या बहिणीचा, अमीरबीचा, निकाह होता.

सकाळी तिनं विचारलं होतं, "जाऊ का? दोनच दिवस."

"अम्माजवळ कोण?" तो म्हणाला होता. "बघू. संध्याकाळी सांगतो."

खुटबाव काही काळ्या पाण्यावर नव्हतं. तासाभराची गाडी. पण तीन वर्षांत चांदबी तिथं एका रात्रीलाही गेली नव्हती. सासरा गेला आणि चाळिसाव्याच्या दिवशी सुलतानबी, तिची सासू, डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "मला काय दिसंना बाई." तेव्हापासून चांदबी तिची काठी झाली. नमाजाआधी वजूचं पाणी, जेवण, न्हाणी, सगळं हाताला धरून. शेखलाल मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणाला, तर म्हातारी म्हणाली, "आता काय बघायचं ऱ्हायलंय मला?" मग तो विषय कुणी काढला नाही. मसूर मात्र म्हातारीच निवडायची, आणि एक खडा सुटत नसे. शेजारच्या मालनबाई म्हणायच्या, डोळे गेले की बोटांना दिसायला लागतं.

चांदबीला त्या बोटांचीच धास्ती वाटे. रात्री कूस बदलली तरी ती बोटं मनगट चाचपत यायची.

आणि मागच्या गुरुवारचं पाप होतं ते वेगळंच. पीरसाहेबांचा उरूस होता. शेखलाल कामावर. सासूला हाताला धरून दर्ग्याला जाऊन येताना चांदबीला सिनेमाचा तंबू दिसला. बाहेर गरुडसिंग ढगांत उडत होता, मोठ्या कापडावर रंगवलेला. दोन वर्षं ज्याची नुसती भांडणं ऐकली तो हा! सासूला एकटी सोडता येईना आणि पाय निघेना.

"अम्मा, कव्वाली हाय. ऐकूया घडीभर?"

सुलतानबी बायकांच्या बाजूला सबंध खेळ मुकाट बसली, हातात तसबीह, जपाची माळ. मधे एकदा म्हणाली, "आजचा कव्वाल लई ओरडतो गं."

"दोन पार्ट्यांचा सामना हाय, अम्मा," चांदबी म्हणाली. तिच्या कानशिलात जाळ झाला होता. आंधळ्या माणसाला फसवलं, आणि तेही पीराच्या दारात.

"आता ऐक," बाहेर मच्छिंद्रनं मांडी ठोकली. "पहाडजंगच्या अंगात कच्ची जागा एकच. उजवी काख. शिरूरच्या तंबूत तीनदा बघितलाय मी. आन् समोरासमोर उभं ऱ्हायलं तर उजव्या हातातली तलवार पडती कुठं? समोरच्याच्या डाव्या अंगावर. मग तुझा गरुडसिंग त्या काखेपत्तुर पोचतो कसा? सांग की!"

शेखलालनं हातातला चमचा तलवारीसारखा इकडून तिकडून फिरवून पाहिला. त्यानं कपबशी बाजूला सारली.

ती सारण्याची तऱ्हा चांदबीच्या ओळखीची होती. रविवार हातचा गेला, तिला वाटलं.

"डावऱ्याला काय अवघड हाय?" पडद्यामागून ती म्हणाली. "त्याच्या हातासमोरच येती की उजवी काख."

"डावरा कोण?" शेखलालनं विचारलं.

"गरुडसिंग."

"गरुडसिंग उजवा हाय."

"न्हाई वो, चांगला डाव्या हातानं..." चांदबीनं जीभ चावली.

मच्छिंद्र खो खो हसला. "आरं, भाभी खोटं बोलत न्हाईत. तंबूत पडदा मधोमध. गडी अल्याड, बाया पल्याड. पल्याडनं समदं उलटं दिसतं. माझी कारभारीण बी त्याला डावराच म्हणती!"

मग त्यानं मित्राच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याचं हसू विझलं.

शेखलालनं उठून पडदा सारला. "कवा गेलतीस?"

चांदबी खाली बघून कणीक मळतच राहिली.

"इचारतोय मी. अम्माला एकटी टाकून गेलतीस?"

हो म्हणावं तर निकाह गेला. नाही म्हणावं, अम्मालाही नेलं होतं म्हणावं, तर कव्वालीचं सांगावं लागणार. मग माहेर कायमचंच तुटणार. समोर नवरा, मागं चूल. सरकायला जागा नव्हती.

आतल्या खिडकीपाशी बाजेवर सुलतानबीची तसबीह थांबली.

"एकटी कशी? मला बी नेलतं तिनं," ती म्हणाली. "आन् मच्छिंद्र, तू उजवा कुणाला म्हणतोस रं? डाव्या मनगटात कडं, डाव्या हातात तलवार. पहिल्यापासनं शेवटपत्तुर बघितलाय मी त्याला. आंधळी हाय का मी?"