अर्धा स्पंज

मर्विनने नोलाच्या दारात बूट काढायला घेतले, तशी ती आतून ओरडली, "राहू दे रे ते! माझी कुत्री चिखलाचे पाय घेऊन सोफ्यावर बसतात. तुझ्या बुटांनी आणखी काय व्हायचंय?"

त्याने तरीही काढले. हातातली बरणी टेबलावरच्या पसाऱ्यात जागा करून ठेवली. बरणीतलं त्याच्या माशांच्या टाकीचं पाणी दुधाचं भांडं विसळल्यासारखं होतं.

एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना चाळीस वर्षं काढून तो या घरात दुसऱ्यांदा आला होता. त्याची बायको एनिड मात्र रोज यायची. एप्रिलमध्ये ती गेली.

नोलाने बरणी खिडकीच्या उजेडात धरली. "आता कोण गेलं?"

"परवा काळा गेला. त्याआधी दोन्ही बारके. आता एकटा बिशप राहिलाय."

बिशप म्हणजे एनिडचा सोनमासा. बारा वर्षांचा, तळहाताएवढा. तिच्या हातातून दाणे खायचा.

"काय होतंय त्याला?"

"तळाशी कलंडून पडतो. कल्ले लालभडक झालेत. शेपटी उंदराने कुरतडल्यासारखी. औषध घातलं की दोन दिवस बरा, मग पुन्हा तेच. आणि पाणी तर बघतेच आहेस. रविवारी सगळं बदलतो, बुधवारी हे असं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. खडे उकळतो, काचा घासतो, फिल्टरचा स्पंज उकळत्या पाण्यातून काढतो. गोठ्यात दूध काढायच्या यंत्राच्या नळ्या धुवायचो तसा." त्याचा आवाज जरा ताठ झाला. "बत्तीस वर्षांत डेअरीने माझं दूध एकदाही परत पाठवलं नाही, नोला."

"मग आता बिशपचं दूध काढायचंय का?"

नोला म्हणाली, पण हसली नाही. तिने बरणी खाली ठेवली आणि त्याच्यासमोर बसली. तिच्यामागे तिची टाकी होती. काचेवर हिरवं शेवाळ, त्यावर गोगलगायी, आणि आत पाच मासे, गलेलठ्ठ.

"हे बघ. स्पंजात जी घाण साठते ना, ती जिवंत असते. माशांची घाण तीच खाते. दर रविवारी तू तिला उकळून मारतोस. मग बुधवारपर्यंत मासे स्वतःच्याच मुतात पोहत असतात. आजारी नाही पडणार तर काय? पाणी गढूळ झालं की तू म्हणतोस, मी नीट धुतलं नाही. आणि पुन्हा उकळतोस."

मर्विनने बरणी आपल्याकडे ओढून घेतली.

"एनिड तो स्पंज कधी धुवायचीच नाही," तो म्हणाला. "टाकीतल्याच पाण्यात एकदा पिळला की झालं. मला वाटायचं, आळस. बोललोही होतो तिला."

"तू कधी हातात घेतलंस हे?"

"ती अंथरुणाला खिळल्यावर. डॉक्टर म्हणाले होते, आता करण्यासारखं काही नाही. म्हटलं, निदान एवढं तरी करू. टाकी तिच्या समोरच होती. तिच्या देखत चकचकीत करायचो."

"काही बोलली नाही?"

"एकदा म्हणाली, राहू दे ना मर्विन." त्याने बरणीचं झाकण घट्ट केलं. "मला वाटलं, मी दमेन म्हणून म्हणतेय."

नोला उठली. कुठल्या तरी कुत्र्याला पायाने बाजूला सारलं, कोपरापर्यंत हात आपल्या टाकीत घातला आणि फिल्टरमधून स्पंज ओढून काढला. काळपट, बुळबुळीत, गटारासारखा वास येणारा. स्वयंपाकाच्या कात्रीने तिने त्याचे दोन तुकडे केले. एक पुन्हा आत घातला. दुसरा पावाच्या रिकाम्या पिशवीत टाकला आणि वर टाकीतलंच पाणी ओतलं.

"घे. हा तुझ्या फिल्टरमध्ये ठेव, पण आधी टाकीच्या पाण्यात एकदा पिळ. आठवड्याला एक बादली पाणी बदल, ते आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. आणि बाकी कशालाही हात लावू नकोस."

त्याने पिशवी दोन बोटांनी धरली.

"नाक काय मुरडतोस? तुझ्याच घरची घाण आहे ती."

"म्हणजे?"

"मी मासे पाळायला लागले तेव्हा एनिडने तिचा अर्धा स्पंज मला दिला होता. नऊ वर्षं झाली. त्यावरच चाललंय माझं. म्हणाली, मर्विनला सांगू नकोस, त्याच्या घरातून एवढी घाण निघाली म्हणून."

मर्विनने दुसरा हात पिशवीखाली धरला.

"वाचेल का तो?"

"माहीत नाही. उशीर केलास बाबा."

"मग मी काय करू?"

"काही नाही," नोला म्हणाली. "तेच तुला जड जाणार आहे."

मर्विनच्या घरी पुढच्या खोलीत, एनिडचा पलंग होता त्याच्या समोरच्या भिंतीला त्याची टाकी होती. बिशप तळाशी कलंडलेला. मर्विनने कोट न काढताच स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून फिल्टरमध्ये बसवला. तपकिरी ढग सुटला, पसरत गेला, आणि मासा दिसेनासा झाला. मर्विनचा हात आपोआप बादलीकडे गेला. तो त्याने मागे घेतला आणि कोटाच्या खिशात घातला.

मग टाकीतून बारीक आवाज आला. बिशपने पाण्यावर येऊन तोंड उघडून मिटल्याचा. बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदा.

त्याने खुर्ची ओढून घेतली आणि तिसऱ्या आवाजाची वाट बघत बसला.