विकलेली सवत

"वहिनी, नुसत्या ग्राफिक्स कार्डचेच तुम्ही सांगताय त्याहून जास्त येतील," जुने गेमिंग कम्प्युटर घेणारा दुकानदार म्हणाला.

"असू दे. न्या एकदाचा." सवतीचा कोणी भाव करतं का? त्या स्क्रीनसमोर नवरा खळखळून हसायचा. माझ्यासमोर कधीच नाही.

संध्याकाळी तो सोफ्यावर माझ्या शेजारी बसला. गप्प होता, पण माझा होता.

तेवढ्यात कम्प्युटर गेल्याने रिकाम्या झालेल्या आतल्या खोलीतून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग त्याचं तेच हसू.

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले होते, डोळे त्या दारावर.

"माझ्यासमोर कधी अशी हसली नाहीस," तो धुसफुसत म्हणाला. "आत कोणाबरोबर हसतेयस?"

मग मलाही ऐकू आलं. त्याच्या हसण्यात मिसळलेलं, माझं हसणं.