लांबच उभा राहतो

दिगंबर सोनाराच्या दुकानावर गार्ड होता. घरी दारू प्यायला की परवान्याची बंदूक बायकोच्या, वृषालीच्या छातीला लावायचा आणि हसायचा. शेवटी ती कोर्टात गेली. मॅजिस्ट्रेटबाईंनी त्याला वृषालीपासून लांब राहायला बजावलं आणि पुढच्या तारखेपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला लावली. बंदूक गेली, तशी नोकरीही गेली.

नवघरला बहिणीकडे राहायला आलेली वृषाली तरीही झोपेतून दचकून उठायची. शेजारी कुणाचं दार आपटलं तरी तिचा हात छातीवर जायचा.

“ताई, त्याची बंदूक कुलपात आहे गं,” धाकटी समजावायची. “अशी किती दिवस घरात बसणार? जा, बँकेत स्वतःचं खातं तरी उघड.”

एके सकाळी वृषाली धीर करून एकटीच निघाली. स्टेशनजवळच्या बँकेपर्यंत पोहोचेस्तोवर तिला खरंच मोकळं वाटायला लागलं होतं.

 

दारावरचा नवा गार्ड स्टुलावरून उठला आणि सिक्युरिटी कंपनीने दिलेली बंदूक खांद्याला अडकवत तो, दिगंबर, अदबीने म्हणाला, “या मॅडम, मी लांबच उभा राहतो.”